बारा गावची मुलं, एक शाळा: जून ते एप्रिल काय काय करावं

आधी माझी एक चूक सांगते, कारण पुढचा सगळा क्रम तिच्यातून आला आहे.

औद्योगिक वसाहतीच्या कडेला असलेल्या गावात माझी जिल्हा परिषदेची शाळा. दहा-बारा वर्षांपूर्वी पट एकदम वाढला. कंपन्यांत कामाला आलेली मराठवाड्यातली कुटुंबं, बांधकामावरचे बुंदेलखंडी, बिहार-ओडिशाचे मजूर, सोसायट्यांच्या गेटवर राहणारे नेपाळी, तांड्यांवरून आलेले बंजारा, गावाबाहेर पालं टाकून राहणारे पारधी. त्या वर्षीच्या गॅदरिंगला आम्ही ‘विविधतेत एकता’ हा विषय घेतला. ड्रेपरीवाल्याकडून पोशाख भाड्याने आणले. कोळी, पंजाबी, गुजराती, बंगाली. तिसरीतल्या एका बंजारा मुलीच्या मापाचा कोळणीचा पोशाख निघाला, म्हणून तिला कोळीण केलं. नाच चालू असताना तिची आजी फाटकाशी उभी होती. आरसे लावलेली कांचळी (चोळी), घेरदार फेटिया (घागरा), कोपरापर्यंत बांगड्या. मी जाऊन म्हटलं, “आजी, आत या ना, खुर्ची आहे.” ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या बाई, हितनं दिसतंय.” आत सगळे पोशाख भाड्याचे होते. घरचा म्हणावा असा एकच होता, आणि तो फाटकाबाहेर उभा होता.

पुढच्या वर्षी क्रम उलटा केला. आधी नाव, मग भाषा, मग ताट. सण त्यानंतर आणि मंचावरचा कार्यक्रम सगळ्यात शेवटी. खाली दिलंय ते मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेला धरून आहे. महापालिकेच्या किंवा खाजगी शाळेत कागद बदलतील, मुलं तीच असतात.

पहिला आठवडा: नाव, जन्मतारीख, जात

दाखला नाही, आधार नाही, जन्माचा पुरावा नाही, म्हणून मूल परत पाठवायचं नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. कलम ४ सांगतं की शाळेबाहेर राहिलेलं मूल त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं. ऊसतोडीहून किंवा वीटभट्टीवरून आलेल्या मुलाकडे शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाला आधीच्या शाळेने दिलेलं) असेल तर उत्तम. नसेल तरी आधी वर्गात बसवा, ऑनलाइन नोंदीचं नंतर बघता येतं. पहिल्या दिवशी ऑफिसच्या दारात तासभर उभं केलेलं मूल पुढे कितीतरी महिने वर्गातही दारात उभं असल्यासारखंच बसतं.

नाव लिहिताना मुलाला विचारा, “घरी तुला काय म्हणतात? म्हणून दाखव.” जनरल रजिस्टरला कागदावरचं नाव जाईल, पण हजेरीत शेजारी पेन्सिलीने उच्चार लिहून ठेवा. आपल्याला नावं ‘सुधारायची’ खोड असते. लछमीची आपण लक्ष्मी करतो. पारधी मुलांची नावं कधी कधी रेल्वे, बंदूक अशा वस्तूंवरून ठेवलेली असतात. ती ऐकून आपल्याच चेहऱ्यावर हसू आलं की वर्गाला परवाना मिळतो. ते नाव चार दिवस घरी म्हणून सराव करा. तेलुगू मुलांचं घराण्याचं नाव आधी येतं, मुलाचं नंतर. बिहारच्या मुलीच्या नावातलं ‘कुमारी’ हे आडनाव नव्हे आणि तिच्या आईचं ‘देवी’ही नव्हे. ऑनलाइन फॉर्मला आडनावाचा रकाना भरलेला हवाच असतो म्हणून आपण तिथे काहीतरी घालतो आणि दहावीच्या फॉर्मला ते पोरीच्या गळ्यात पडतं. एक फोन करा, विचारा, मग भरा.

जन्मतारखेची तर आपल्याकडे जुनी गंमत आहे. तारीख ठाऊक नसली की गुरुजी एक जून टाकायचे, त्यामुळे निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस एक जूनला. आमच्याकडे आजही काही मुलांचा तोच आहे. त्या दिवशी शाळाच नसते. मग वर्गात वाढदिवस साजरे करताना तीच मुलं वर्षानुवर्षं बाहेर राहतात. आम्ही महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ‘या महिन्यातले’ असा एकच वाढदिवस करतो आणि एक जूनवाल्यांनी महिना स्वतः निवडायचा. बहुतेक जण दिवाळीचा निवडतात.

आता जात. ती रजिस्टरमध्ये असते, शिष्यवृत्तीसाठी लागते. ती वर्गात मोठ्याने उच्चारायची काहीही गरज नसते. “शिष्यवृत्तीची मुलं उभी राहा” हे वाक्य मी स्वतः कित्येक वर्षं म्हटलंय. उभं राहिल्यावर कोण कोणाकडे बघतं, ते एकदा मागच्या बाकावर बसून पाहा. कागद मागायचे तर चिठ्ठी द्या, पालकाला फोन करा किंवा मुलाला एकटं बोलावून सांगा. गणवेशाचंही तेच होतं. पूर्वी तो सगळ्या मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना मिळायचा, उरलेले चार-पाच मुलगे घरचे कपडे घालून बाजूला दिसायचे. वर्गाचे दोन रंग पडतील असं कुठलंही वाटप वर्गासमोर करू नका.

पहिल्या महिन्यात घरभेट. एका संध्याकाळी चार घरं धरली तरी महिन्यात वर्ग होतो. मी विचारते ते एवढंच: मूल आईशी कुठल्या भाषेत बोलतं आणि आजीशी कुठल्या? घरी कशाचा सण मोठा? मूल काय खात नाही? गावाला कधी जाता आणि किती दिवस? फोन कोणाकडे असतो आणि तो कधी उचलला जातो? जात-धर्म विचारायचा नाही, या पाचात कामाचं सगळं येतं. चहा दिला तर प्या. पालाच्या दारात बसून बाई चहा प्यायल्या ही बातमी दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या आधी शाळेत पोचलेली असते.

भाषा: जुलै ते दिवाळी

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जायलाच हवा.

घरभेटीवरून वर्गाचा भाषेचा तक्ता करा. माझ्या चौथीत एका वर्षी ३४ मुलं आणि घरच्या भाषा नऊ निघाल्या. मराठी धरून, आणि त्या मराठीतही अहिराणी वेगळी मोजलेली. मग भिंतीचा एक भाग रिकामा करून शब्दभिंत सुरू करा. पहिला शब्द ‘आई’. याडी, माय, माई, अम्मी, अम्मा, अव्वा, आमा, बोउ. हे सगळे आमच्या वर्गातलेच: गोरमाटी (बंजारांची भाषा), अहिराणी, भोजपुरी, उर्दू, तेलुगू, कानडी, नेपाळी, ओडिया. आठवड्याला एक शब्द. पाणी, भाकरी, पाऊस, भीती, झोप. मुलांनी विचारून आणायचा, तुम्ही देवनागरीत लिहायचा, ज्याचा शब्द त्याने म्हणून दाखवायचा आणि उच्चार चुकला तर त्याने तुमची चूक काढायची. ‘बोउ’ मला पाचव्या प्रयत्नात जमला. ज्या मुलीने तो जमवून घेतला, ती तोवर वर्गात तोंडही उघडत नव्हती.

तिच्याबद्दल थोडं सांगते. ओडिशाहून आलेली, दुसरीत बसवलेली. जूनमध्ये आली ती दिवाळीपर्यंत मराठी एक शब्द बोलली नाही. सहकारी म्हणायचे, हिची तपासणी करून घ्या, ऐकू येत नसेल. पण सूचना ऐकून वही काढायची, गोष्टीत हसायची जागा आली की हसायची. नवी भाषा कानावर पडलेलं मूल काही महिने नुसतं ऐकतं. तो गप्प काळ असतो. अशा वेळी घाई केली की मूल आणखी मिटतं. करायचं ते इतकंच: बोलणारा पण बडबड्या नसलेला जोडीदार शेजारी बसवायचा, सूचना हातवाऱ्यासह द्यायच्या, उत्तर बोट दाखवून किंवा चित्र काढून दिलं तरी बरोबर धरायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, हा मला ढकलतो.” वर्षभरात इतकी गोड तक्रार मी ऐकली नव्हती. ढकलणाऱ्याला मात्र त्या दिवशी काय बोलावं ते सुचेना.

घरच्या भाषेत गोष्ट लिहून घेणं ही दुसरी गोष्ट. मूल सांगेल तशी तुम्ही लिहायची. गोरमाटीला आपली वेगळी प्रचलित लिपी नाही, देवनागरीत ती छान लिहिता येते. वरची ओळ गोरमाटी, खालची मराठी. अडेल तिथे मोठी बहीण, काका, फोनवर आई. अशा आठ-दहा गोष्टी झाल्या की दोऱ्याने शिवा आणि वाचनकोपऱ्यात लटकवा. छापील पुस्तकांपेक्षा ही आधी फाटतात, इतकी हाताळली जातात. एक सावधगिरी: ज्या मुलाला दोन भाषा येतात त्याला कायमचा दुभाषा करू नका. आमच्याकडे चौथीतला एक मुलगा सगळ्या भोजपुरी घरांचे निरोप वाहून थकला आणि एके दिवशी सरळ म्हणाला, “मला पण खेळायचंय.”

मराठी मुलांच्या मराठीलाही हेच लागू. ‘आलतो’, ‘गेलतो’, ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला बोलताना मधेच अडवू नका. वहीत दोन रकाने करा, ‘घरची मराठी’ आणि ‘पुस्तकातली मराठी’. मुलं स्वतः जोड्या लावतात आणि त्यातून व्याकरणही शिकतात. परभणीच्या पोराला गावातली पोरं ‘मराठवाडी’ म्हणून चिडवतात आणि मग तीच पोरं पुढे पुण्याच्या कॉलेजात आपल्या ‘न-ण’वरून खाली मान घालतात.

इथे माझं एक ठाम मत आहे, काहींना ते पटत नाही. मैदानावर मुलं आपोआप हिंदीवर येतात आणि शिक्षकही सोयीसाठी हिंदीत शिकवू लागतात. प्रेमापोटीच. पण मराठी माध्यमात चार वर्षं हिंदीवर निभावून नेलेलं मूल पाचवीत मराठी वाचता येत नाही म्हणून मागे पडतं, तेव्हा आपण तिथे नसतो. तेव्हा मुलाची भाषा वर्गात येऊ द्या, तिला मान द्या आणि तिचा हात धरून त्याला पक्की मराठी द्या. राज्यात २०२० च्या कायद्याने सगळ्याच शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे. शिकवायचीच आहे तर नीट शिकवू.

परिपाठासाठी एक छोटी गोष्ट सुचवते. ‘विविधतेने नटलेल्या परंपरांचा मला अभिमान आहे’ अशी प्रतिज्ञा आपण रोज म्हणतो. ती मुळात तेलुगूत लिहिली गेली, १९६२ साली, पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी. वर्गात तेलुगू मूल असेल तर त्याला एके दिवशी ती तेलुगूतून म्हणू द्या. घरच्यांकडून पाठ करून येतं. आमच्याकडे ज्याने म्हटली त्याला दिवसभर सगळे ‘पुन्हा म्हण’ म्हणत होते.

ताट

शालेय पोषण आहाराच्या पंक्तीत गावातली सगळी भांडणं बसलेली असतात, तेव्हा तिथे आठवडाभर तरी स्वतः बसा. बघा, कोण कोणाशेजारी बसतं, वाढणारी मावशी कुणाच्या ताटात वरून टाकते आणि कुणाच्या ताटाला पळी टेकवते. ताटं कुणाची वेगळी ठेवली आहेत का तेही. हे दिसलं तर भाषण करू नका, व्यवस्था बदला. हजेरी क्रमांकाने पंगत, दर सोमवारी क्रमांक सरकवायचा, ताटं सगळ्यांची एकाच गठ्ठ्यात, वाढायला दोन मोठी मुलं पाळीपाळीने. आणि शिक्षकाने रोज त्याच पंगतीत, त्याच ताटात दोन घास खायचे. सरकारी नियमाने चव घेऊन नोंद करायचीच असते, ती उभ्याने न करता बसून करा.

हे आपल्याकडे नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केलं तेव्हा वेगवेगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहायची, मिळून स्वयंपाक करायची, एका पंक्तीत जेवायची. त्याच्या आधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी ज्या त्या समाजासाठी वेगवेगळी वसतिगृहं काढायला मदत केली होती, कारण तेव्हा मुलं शिकायला बाहेर पडणंच मोठं होतं. साताऱ्याच्या पंक्तीने पुढचं पाऊल टाकलं. शंभर वर्षं झाली. पंगत अजून लक्ष ठेवल्याशिवाय सरळ राहत नाही.

अंडं आणि केळं एकाच वेळी वाटायची वेळ आली तर ‘अंडीवाले इकडे, केळीवाले तिकडे’ अशा दोन रांगा करू नका. दोन्ही एकाच टोपलीत, एकाच रांगेत. ज्याला जे हवं त्याने ते उचलायचं. का, ते विचारायचं नाही. रमजानमध्ये एखादं मोठं मूल जेवत नसेल तर त्याला सगळ्यांसमोर “रोजा आहे का रे?” विचारू नका, त्याला वाचनकोपऱ्यात काम द्या. त्या महिन्यात खेळाचा तास सकाळी घ्या.

एक स्वस्त आणि फार चालणारा उपक्रम: चटणीचा शनिवार. प्रत्येकाने घरून चमचाभर चटणी आणायची, भाकरी शाळेत. ‘तुमच्याकडचा खास पदार्थ आणा’ म्हटलं की ज्याच्या घरी पैसे आहेत त्याचा डबा चमकतो. चटणी सगळ्यांच्या घरी असते. मराठवाड्याची कारळाची आणि जवसाची, खानदेशचा ठेचा, बिहारच्या घरचा चोखा, तेलुगू घरची चिंचेची. पहिल्या वर्षी पालावरच्या मुलीची डबी उघडून बसली होती आणि कुणी हात घालत नव्हतं. मी काही बोलले नाही. भाकरीचा तुकडा मोडला, तिच्या डबीत बुडवला आणि खाल्ला. वाटलेली लाल मिरची, मीठ आणि वर थोडं तेल. डोळ्यांत पाणी आलं, खोकला लागला. पोरं हसली, मग एकाने “बाई, एवढी तिखट?” म्हणत हात घातला. पाच मिनिटांत डबी रिकामी. त्या दिवशी मावशीला दोनदा पाण्याचा हंडा भरावा लागला.

सण: एकच वस्तू, अनेक घरं

देशभरच्या सणांची यादी करून प्रत्येकाचा दिवस पाळायला गेलात तर वर्षभर फक्त फलक लिहाल. त्यापेक्षा एक वस्तू किंवा एक कृती धरा आणि ती कुठल्या कुठल्या घरात सापडते ते बघा. माझ्या आवडीची म्हणजे उगवलेलं धान्य.

नवरात्रात आपल्या घटात धान्य रुजवतात, ते मराठी मुलांना ठाऊक असतं. बंजारा मुली श्रावणात तीजेला टोपल्यांमध्ये गहू पेरून रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात. हा अविवाहित मुलींचा सण. नेपाळी घरात दसैंला जमरा पेरतात, बहुधा जवाचा, आणि तोही घटस्थापनेच्याच दिवशी. दशमीला मोठी माणसं टिळा लावून ते पिवळे कोंब डोक्यावर ठेवतात. बुंदेलखंडात राखीच्या दुसऱ्या दिवशी कजलियाचे कोंब एकमेकांना देतात आणि कानामागे खोचतात. आमच्या वर्गात ही चारही घरं निघाली तेव्हा मुलं एकमेकांकडे बघतच राहिली.

मग तीन डबे घ्या, माती भरा, सगळ्यांत गहू पेरा. एक उन्हात, एक वऱ्हांड्यात, एक कपाटात बंद. नवव्या दिवशी उन्हातले हिरवे, कपाटातले लांबुडके आणि पिवळे. जमरा पिवळा का आणि घटातलं धान्य फिकट का, हरितद्रव्याला उजेड का लागतो, हा पाठ मला पुन्हा शिकवावा लागला नाही. कुणाच्या आजीने टोपली कशी विणतात ते दाखवलं, कुणाच्या आईने फोनवरून गाणं म्हटलं. अशाच रीतीने दिवा, नवं पीक, झोका, गोधडी घेता येते. गोधडी तर जरूर घ्या. सुरुवातीला सांगितलेल्या, फाटकाबाहेरच्या त्याच आजी पुढच्या वर्षी वर्गात आल्या, खुर्ची नको म्हणून सतरंजीवर बसल्या आणि मुलांना आरसा टाक्यात कसा अडकवायचा ते शिकवून गेल्या. मुलगे जास्त रमले होते.

मर्यादा मात्र पक्की ठेवा. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदात आहे. आम्ही मुलांच्या भाषेत तो असा केला: घरून गोष्ट येईल, गाणं येईल, खाऊ येईल, वस्तू येईल, पूजा घरी राहील. कुणाच्याही सणाची पूजा शाळेत नाही, म्हणजे ‘त्यांची का आणि आमची का नाही’ हा वाद मुळातच उद्भवत नाही. एक-दोन पालक तरी येतात, “शाळेत शीरखुर्मा कशाला?” विचारायला. मी त्यांना तीजेच्या टोपल्या, छठचा ठेकुआ, दिवाळीचा चिवडा आणि चौदा एप्रिलची गाणी असं वर्षाचं पान दाखवते. पूर्ण पान बघितल्यावर आवाज खाली येतो. नेहमीच येतो असं नाही.

चाचण्यांचं वेळापत्रक लावताना ईद, छठ, बुद्ध पौर्णिमा, सेवालाल महाराजांची जयंती (१५ फेब्रुवारी) हे दिवस आधी कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, तेव्हा मागच्या वर्षीची तारीख चालत नाही. मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या सुट्ट्या असतात, त्यातली एखादी पटाकडे बघून ठरवता येते.

काहीतरी हरवतं तेव्हा

हे मला लिहायला जड जातं.

पाचवीतल्या एका मुलाची नवी रंगपेटी गेली. वर्गात शांतता झाली आणि सगळ्यांच्या माना एका पारधी मुलीकडे वळल्या. माझीही वळली. मी काही बोलले नाही, दप्तरं तपासली नाहीत, पण मान वळली ती तिने पाहिली. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी तिची आई वऱ्हांड्यात उभी. मी काही म्हणायच्या आत तिने पोरीचं दप्तर फरशीवर पालथं केलं. दोन वह्या, एक पेन्सिलीचा तुकडा, रिकामी डबी, बिस्किटाचा कागद. “बघा बाई. समदं बघा.” पालांवर पोलीस येतात तेव्हा करतात तसंच तिने स्वतःहून केलं होतं. रंगपेटी शेवटपर्यंत सापडली नाही. मुलगी आठ दिवस आली नाही, मग आली, पण माझ्या टेबलाजवळून जायची नाही.

इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कागदावरून पुसला गेला. त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. आता दर ३१ ऑगस्टला आम्ही तो पाळतो, पण आधी शिक्षकांच्या खोलीत. मुलांसमोर बोलायच्या आधी आपण सात-आठ मोठ्या माणसांनी एकमेकांत बोलायला हवं होतं.

वर्गासाठी नियम असे केले. दप्तर कुणाचंही, कुणीही तपासायचं नाही. वस्तू हरवली तर ‘हरवली’ म्हणायचं, ‘चोरली’ नाही. वर्गाची एक सामायिक पेटी ठेवायची, त्यात पेन्सिली, खोडरबर, रंग, कंपास. ज्याचं हरवेल त्याने तिच्यातून घ्यायचं. महागडी वस्तू शाळेत आणायची नाही. पेटी भरायला वर्षाला आमचे पाचशे-सहाशे रुपये जातात, ते शिक्षकांनी वाटून घेतले. हरवणं बंद झालं नाही, माना वळणं कमी झालं.

चिडवण्याबद्दल: जातीचं, गावाचं, प्रांताचं, रंगाचं किंवा डोळ्यांचं नाव घेऊन हाक नाही. ‘भय्या’, ‘लमाण’, ‘चिंकी’, ‘काळ्या’ हे शब्द शिक्षकांच्या तोंडून आधी जायला हवेत. आमच्याकडे वॉचमनच्या मुलाला सगळे ‘बहादूर’ म्हणायचे, मीसुद्धा. ते त्याचं नाव नाही हे मला चार महिन्यांनी हजेरीचं पान उलटताना लक्षात आलं. चिडवलंच तर चिडवणाऱ्याला वर्गासमोर माफी मागायला लावू नका, त्यात ज्याला चिडवलं तोच दुसऱ्यांदा उघडा पडतो. दोघांना वेगवेगळं बोला, आधी ज्याला लागलं त्याच्याशी. त्याला काय हवंय ते विचारा. बऱ्याचदा उत्तर असतं, “त्याला माझ्याशेजारून उठवा.” उठवा.

पालक कुठे आहेत

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने ७५ टक्के पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया, आणि वंचित व दुर्बल घटकांच्या पालकांना पटाच्या प्रमाणात जागा. कागदावर आपण भरतोच. पण मंगळवारी सकाळी अकराला सभा ठेवली की गावातले चार जण येतात आणि रोजंदारीवरच्या बाईची सही नंतर घरी जाऊन घेतली जाते. आमच्या भागात औद्योगिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणून सभा गुरुवारी संध्याकाळी. वर्षातून दोन सभा शाळेबाहेर, एक बांधकामाच्या वस्तीत आणि एक पालांजवळच्या पिंपळाखाली. निरोप लिहून पाठवू नका, व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवा, मराठीत आणि हिंदीत, अर्ध्या मिनिटाचा. वाचता न येणाऱ्या आईलाही तो पोचतो आणि ती दोनदा ऐकते.

सभेत त्यांना पहिला प्रश्न मुलाच्या अभ्यासाचा विचारू नका, त्याची त्यांना आधीच धास्ती असते. “शाळेतलं काय बदलावं?” विचारा. आमच्याकडे पहिलं उत्तर आलं ते मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कडीबद्दल. कडी दुसऱ्या दिवशी लावली. पुढच्या सभेला दुप्पट बाया होत्या.

मधल्या सुट्टीचा नकाशा

हे सगळं चालतंय की नाही ते कळायला अहवाल कामाचे नाहीत. ऑगस्टमध्ये तीन दिवस मधल्या सुट्टीत वही घेऊन कडेला बसा. प्रत्येक मुलासाठी एक ठिपका, जो ज्याच्याशी खेळतो त्यांच्यात रेघ. तिसऱ्या दिवशी कागदावर घोळके दिसतात आणि एकही रेघ नसलेले ठिपकेही. हा कागद कुणाला दाखवू नका. एकट्या ठिपक्यांसाठी जोडीची कामं आखा: फळा पुसणं, घंटा वाजवणं, झाडांना पाणी, ग्रंथालयाच्या नोंदी. ‘त्याला खेळायला घ्या रे’ म्हटल्याने कुणी घेत नाही, एका बादलीला दोन हात लागले की आपोआप बोलणं होतं. जानेवारीत पुन्हा तीन दिवस. माझ्या एका वर्षीच्या नकाशात ऑगस्टला सात एकटे ठिपके होते, जानेवारीत दोन. त्या दोघांतला एक स्वभावानेच एकटा आणि खुशीत होता, त्याला तसंच राहू दिलं.

गॅदरिंग हवंच असेल तर आता करा, फेब्रुवारीत. २१ तारखेला जागतिक मातृभाषा दिन आणि २७ ला मराठी भाषा गौरव दिन, मधला आठवडा त्यासाठी बरा. भाड्याचा पोशाख नाही, ज्याच्या घरी जे आहे ते, नसेल तर गणवेश. नाच शिकवायला कुणाची तरी आई किंवा काका. आणि शक्य तितकी माणसं मंचावर, कमीत कमी खुर्च्यांवर.

जाणारी मुलं

मार्च-एप्रिलमध्ये साइट संपते, मुकादम बदलतो, आणि सकाळी हजेरी घेताना तीन नावांना उत्तर येत नाही. पालं उठलेली असतात. निरोप न घेता जाणं हा या मुलांचा नेहमीचा अनुभव असतो, तेव्हा आधीच तयारी ठेवा. फेब्रुवारीपासून पालकांना विचारत राहा, कधी निघणार. शिक्षण हमी कार्ड भरून मुलाच्या हातात नाही, आईच्या हातात द्या, प्लास्टिकच्या पिशवीत. त्यात एक चिठ्ठी पुढच्या गुरुजी-बाईंसाठी: मूल कुठपर्यंत वाचतं, घरी कुठली भाषा बोलतं, नावाचा उच्चार काय, कशाने रडतं. खाली तुमचा फोन नंबर.

आणि त्याच्या वहीचं एक पान फाडून शाळेत ठेवा. शब्दभिंतीवरचे त्याचे शब्द काढू नका. आमच्या भिंतीवर ‘बोउ’ अजून आहे. ती मुलगी गेल्याला तीन वर्षं झाली. आताच्या दुसरीत ओडिया बोलणारं कुणी नाही, तरी पोरं तो शब्द बरोबर म्हणतात. एकाने विचारलं, हा कोणाचा शब्द? मागच्या बाकावरून उत्तर आलं, “एक होती आपल्यातली.”